तबेल्यात घोड्यांना पाणी कसं पोचवायचं, बादल्या न वाहता

आमचा तबेला इंदूरच्या बाहेर, राऊच्या पुढे. सहा घोडे, त्यातले चार लग्नसराईत वरातीला जाणारे. हौद गेटजवळ आणि ठाणं, म्हणजे घोडे बांधायची जागा, पार मागच्या टोकाला, साठ-सत्तर पावलं तरी असतील. कित्येक वर्षं आम्ही बादल्याच वाहिल्या.

आधी हिशोब करा. एक घोडा दिवसाला साधारण २५ ते ४५ लिटर पाणी पितो, मे महिन्यात किंवा वरातीतून घामाघूम होऊन आला की आणखी जास्त, आणि शिंगरू पाजणारी घोडी असेल तर विचारूच नका. माणशी, म्हणजे घोड्यामागे, ४० धरले तर सहांचे २४० लिटर, म्हणजे २४० किलो वजन रोज, आणि २० लिटरची बादली कोणी काठोकाठ भरून नेत नाही, सांडते, मग १५-१६ फेऱ्या होतातच. दमलेला माणूस शेवटच्या फेऱ्या खातो. मागच्या उन्हाळ्यात पोरगा गावी गेला होता, मी एकटाच होतो, संध्याकाळी अर्ध्याच बादल्या दिल्या दोन दिवस. तिसऱ्या दिवशी पांढऱ्या घोडीची लीद सुकी, लहान लहान गोळे, आणि ती मान वळवून सारखी पोटाकडे बघायला लागली, पुढच्या पायानं जमीन उकरायला लागली. शूळ, म्हणजे पोटात कळा. डॉक्टर वेळेवर आले म्हणून वाचली. त्या दिवसापासून बादल्या वाहणं बंद केलं.

आता आम्ही काय करतो ते सांगतो. भाजीवाल्याचा असतो तसा चारचाकी ठेला घेतला, जुना, फक्त चाकं नवी टाकली. त्यावर २०० लिटरचा निळा ड्रम दोरीनं आवळून बांधला, तळाशी नळ बसवला. ड्रम घेताना आधी त्यात काय भरलेलं होतं ते नक्की विचारा, केमिकलचा असेल तर फुकट दिला तरी घेऊ नका, खाण्याच्या तेलाचा वगैरे चालतो, तोही गरम पाण्यानं दोन-तीनदा धुऊन. ठेला आधी हौदाजवळ लावायचा आणि मग टिल्लू पंपानं, म्हणजे विजेच्या छोट्या पंपानं, भरायचा, भरलेला ड्रम उचलायचा विचारसुद्धा करू नका. पूर्ण भरू नका, चार-पाच बोटं रिकामं ठेवा आणि वर एक स्वच्छ लाकडी फळी तरंगत सोडा, पाणी हिंदकळत नाही आणि ठेला वळणावर कलत नाही. ठेल्याची फळी कमरेइतकी उंच असते, त्यामुळे ठाणाशी पोचलं की नळ सोडायचा, बादली खालीच भरते. नळ नसेल तर पाइप आधी पाण्यानं पूर्ण भरा, दोन्ही टोकं अंगठ्यानं दाबा, एक ड्रमात आणि दुसरं खाली बादलीकडे, अंगठे सोडा, पाणी आपोआप उतरतं, तोंडानं ओढायची गरज नाही.

पाइप घ्यायचा तर एक इंची घ्या. अर्ध्या इंचीत आमच्याकडे बादलीला तीन-चार मिनिटं लागायची, एक इंचीत मिनिटाच्या आत. उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी चहासारखं गरम आणि प्लास्टिकच्या वासाचं येतं, घोडी नुसता ओठ लावते आणि तोंड फिरवते. ते आधी कडुनिंबाच्या आळ्यात सोडा. आमच्याकडे नर्मदेचा नळ एक दिवसाआड येतो, वाया घालवायला पाणी नाही, झाडाला तरी मिळतं.

पाइपाचं टोक बादलीत बुडवू नका आणि प्रत्येकाची बादली वेगळी ठेवा, एकाचं नाक वाहायला लागलं की बुडवलेल्या पाइपानं ते सगळ्यांकडे जातं. बादली भिंतीच्या कडीला बांधा, कडी घोड्याच्या छातीच्या उंचीला, बादलीचा दांडा भिंतीकडे, नाहीतर त्यात मोरकी, म्हणजे घोड्याच्या तोंडावरचा पट्टा, अडकते.

पैसे असतील तर ठाणापर्यंत लाइन टाकून कुंडीला फ्लोटचा व्हॉल्व्ह लावा, कुंडी भरली की पाणी आपोआप बंद होतं, उत्तमच. फक्त मग कोण किती प्यालं ते कळत नाही. बादलीत ते दिसतं. आणि पिताना कानांकडे बघा, घोटागणिक कान मागेपुढे हलतात, मी मोजतो. रात्री नऊला शेवटची फेरी, बादल्या भरून ठेवायच्या, आणि सकाळी कोणाची भरलेलीच राहिली असेल तर सगळ्यात आधी त्याची लीद बघायची.