उंचावर जाणाऱ्या पॅनलचा अर्थ फॉल्ट रिले: या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा, कुठल्याही कारखान्यात जा, अर्थ लीकेज रिलेबद्दलची (जमिनीत करंट गळू लागला की सप्लाय तोडायला लावणाऱ्या उपकरणाबद्दलची) तक्रार एकाच वाक्यात येते. "अण्णा, रिले खुळा झालाय, उगाच ट्रिप मारतोय." त्यापुढची कृतीही ठरलेली. स्क्रूड्रायव्हर घ्यायचा आणि ट्रिपिंग थांबेपर्यंत सेटिंग उजवीकडे फिरवायचं. रिले गप्प होतो, उत्पादन सुरू होतं आणि त्या फीडरचं (पॅनलमधून निघणाऱ्या त्या लाइनचं) अर्थ फॉल्ट संरक्षण तिथेच संपतं.

बेळगावात हे कसंबसं खपून जातं, पण पॅनल डोंगरावर जाणार असेल तर नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र गावातच असल्यामुळे लेह-लडाखची नावं इथल्या घरांना नवी नाहीत. पॅनलवाल्यांनी मात्र लेहकडे निराळ्या नजरेनं बघायला हवं. बेळगाव साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे, लेह साडेतीन हजारांवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असतो. त्यामुळे सीबीसीटीचं (वायरींभोवती बसवलेल्या, करंट मोजून रिलेला कळवणाऱ्या कड्याचं) रेशो बदलत नाही, रिलेचं गणितही बदलत नाही. बदलतात त्या दोन गोष्टी: इन्सुलेशन म्हणून वापरलेली हवा आणि अर्थिंग ज्या जमिनीत गाडलंय ती जमीन. खालच्या बऱ्याच चुका या दोन गोष्टी विसरल्यामुळे होतात. उरलेल्या चुका इथेच, आपल्या टेबलावर होतात, त्या आधी बघू.

सीबीसीटीतून काय जातंय ते बघितलंच नाही

सीबीसीटीचं काम जमाखर्चाच्या वहीसारखं आहे. जेवढा करंट गेला तेवढा परत आला तर बेरीज शून्य. फरक पडला तर तो जमिनीत गेला. म्हणून तिन्ही फेज आणि न्यूट्रल, चारही वायरी त्या कड्यातून जायलाच हव्यात.

न्यूट्रल बाहेर राहिली की काय होतं? समजा आर फेजवर ४०, वायवर ३२ आणि बीवर ३६ ॲम्पिअर लोड आहे. असमतोल तसा मामुली, पण न्यूट्रलमधून जवळजवळ ७ ॲम्पिअर वाहतात आणि सीबीसीटीला तेवढंच लीकेज दिसतं. सेटिंग ३०० मिलीॲम्पिअर असेल तर रिले ट्रिप होणारच. तो अगदी बरोबर वागतोय. न्यूट्रल पुढे कुठेतरी, एखाद्या सब-पॅनलमध्ये, पुन्हा अर्थला जोडली असली तरी असाच घोळ होतो, कारण न्यूट्रलचा काही करंट जमिनीच्या वाटेनं परत जातो. ही जोडणी शोधायला वेळ लागतो. सप्लाय बंद करून न्यूट्रल लिंक उघडा आणि न्यूट्रल ते अर्थ मेगर करा (मेगर म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र), बहुतेक वेळा तिथेच सापडते.

आर्मरची, म्हणजे केबलवरच्या धातूच्या कवचाची, चूक याहून वाईट, कारण तिच्यात ट्रिपिंग होत नाही, म्हणून तक्रारही येत नाही. पॅनलमध्ये जागा नसली की सीबीसीटी ग्लँड प्लेटच्या (केबल ग्लँडनं आवळून जिथून पॅनलमध्ये शिरते त्या पत्र्याच्या) खाली, बाहेरच्या बाजूला बसवतात आणि आर्मरसकट अख्खी केबल त्यातून घालतात. पुढे मोटरमध्ये अर्थ फॉल्ट झाला की करंट कोरमधून जातो आणि आर्मरमधून परत येतो. दोन्ही एकाच कड्यातून उलट दिशेनं वाहतात, बेरीज शून्य, रिले आंधळा. यावर उपाय एकच. ग्लँड पॅनलच्या पत्र्यापासून इन्सुलेटेड ठेवायचा, आर्मरची अर्थ वायर सीबीसीटीमधून उलटी परत खाली आणायची आणि मगच अर्थ बारला जोडायची. केबलचं आर्मर सीबीसीटीच्या अलीकडेच, ग्लँडवर संपत असेल आणि कड्यातून नुसत्या कोर जात असतील, तर मात्र अर्थ वायर कड्यातून नेऊ नका. ११ केव्हीच्या केबलच्या स्क्रीनलाही (इन्सुलेशनवरच्या धातूच्या थरालाही) हाच नियम. वायरमन हे शिकतो तो दुसऱ्याचं बघून, आणि दुसऱ्याचा पॅनल निराळ्या रचनेचा असतो. म्हणून ड्रॉइंगमध्ये हा एक कोपरा मोठा करून दाखवलेला बरा.

केबल कड्याच्या मध्यातून जाऊ द्या, एका कडेला टेकवू नका. कड्याला लागूनच केबल वाकवली तर मोटर स्टार्टिंगच्या वेळी कड्याच्या कोरचा एखादा भाग सॅच्युरेट होतो (चुंबकत्वानं भरून जातो) आणि नसलेला फॉल्ट दिसतो. "फक्त सकाळी पहिली मोटर चालू करताना ट्रिप होतो" ही तक्रार आली की आधी हेच बघावं. फाउंड्रीत स्प्लिट-कोर (दोन तुकडे जोडून केलेला) सीबीसीटी असेल तर त्याचे जोड उघडून पुसा. शेकआउटजवळची (साचा फोडून ओतीव काढतात तिथली) वाळू आणि लोखंडाची बारीक पूड त्या घासलेल्या तोंडांवर बसते, मध्ये फट पडते आणि माप बिघडतं. सीबीसीटी एका मेकचा आणि रिले दुसऱ्या मेकचा, हा प्रकारही करू नका. जोडी एकत्र कॅलिब्रेट केलेली असते.

ट्रिप होतोय म्हणून सेटिंग वाढवलं

जून लागला की ट्रिपिंगच्या तक्रारी वाढतात. त्यात रिलेचा दोष नसतो. खानापूर, जांबोटीकडच्या पावसात मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये पाणी शिरलेलं असतं, जंक्शन बॉक्सचं गॅस्केट गेलेलं असतं. हे खरे फॉल्ट आहेत. फीडर बंद करून एकेक मोटर मेगर करत गेलं की गुन्हेगार सापडतो. मेगर करण्याआधी ड्राइव्ह आणि इलेक्ट्रॉनिक रिले सोडवून ठेवा, नाहीतर जुन्या दुरुस्तीतून नवी निघेल.

आता सेटिंग आणि अर्थिंग यांचं नातं. ते कागदावर मांडून बघणारे फार थोडे भेटतात. जिथे कारखान्याचं अर्थिंग स्वतंत्र आहे आणि फॉल्टचा करंट मातीतूनच परत जातो, तिथे नियम सोपा आहे: रिलेचं सेटिंग गुणिले अर्थ रेझिस्टन्स ५० व्होल्टच्या आत हवं. सेटिंग ३ ॲम्पिअर असेल तर अर्थ १६ ओहमच्या आसपास किंवा त्याखाली पाहिजे. ३०० मिलीॲम्पिअर असेल तर १६६ ओहमपर्यंत चालतं.

हीच गोष्ट उंचावर कशी उलटते ते बघा. आपल्याकडे अथणी-चिकोडीची काळी माती ओल धरते, तिथे अर्थिंगचं मूल्य सहज खाली येतं. खानापूरचा जांभा उन्हाळ्यात कोरडा पडला की तेच मूल्य वर चढतं, म्हणून ऑगस्टमध्ये घेतलेल्या रीडिंगवर भरवसा ठेवू नये, एप्रिल-मे मध्ये पुन्हा घ्यावं. लेहची जमीन मुळात कोरडी, खडकाळ, आणि हिवाळ्यात वरचा थर गोठतो. गोठलेल्या मातीतून करंट जवळपास वाहतच नाही. समजा तिथे अर्थ रेझिस्टन्स २०० ओहम झाला. फेज थेट मशीनच्या बॉडीला लागली तरी २३० भागिले २०० म्हणजे जेमतेम १.१५ ॲम्पिअर. एमसीबीला याचा पत्ताही लागणार नाही. इथे कुणीतरी ३ ॲम्पिअरवर नेऊन ठेवलेला रिलेही हलणार नाही. मशीनची बॉडी मात्र जवळजवळ पूर्ण फेज व्होल्टेजवर उभी राहील, कुणी हात लावेपर्यंत. अशा ठिकाणी ३०० मिलीॲम्पिअरही पुरत नाही, १०० वर यावं लागतं.

इलेक्ट्रोड गोठणाऱ्या थराच्या खाली जाईल एवढा खोल घ्या. ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलपासून मशीनपर्यंत तांब्याची सलग अर्थ वायर नेता आली तर फारच उत्तम. मग फॉल्टचा करंट मातीवर अवलंबून राहत नाही. अर्थिंगसाठी आयएस ३०४३ ची २०१८ ची आवृत्ती हाताशी असू द्या.

उगाच होणारं ट्रिपिंग टाळायचं असेल तर सेटिंगऐवजी वेळेकडे बघा. मुख्य फीडरला थोडा विलंब द्या आणि त्याचं सेटिंग खालच्या फीडरच्या किमान तिप्पट ठेवा. खालचा रिले विनाविलंब हवा. एवढ्यावर एका मोटरपायी अख्खी शेड अंधारात जाणं थांबतं.

बेळगावात पास, म्हणून तिथेही पास

हाय व्होल्टेज टेस्ट इथे पास झाली की सगळे निर्धास्त होतात. पण ती टेस्ट इथल्या हवेत झाली. विरळ हवेत ठिणगी लवकर उडी मारते.

एलटीच्या (कमी दाबाच्या) इलेक्ट्रॉनिक रिलेमधलं हवेतलं अंतर, म्हणजे क्लिअरन्स, आयईसी ६०६६४-१ प्रमाणे २,००० मीटरपर्यंत आहे तसं चालतं. ३,००० मीटरला ते १.१४ पट लागतं, ४,००० ला १.२९ पट. इथे ३ मिलिमीटर पुरत असतील तर ४,००० मीटरला ३.९ हवेत. पृष्ठभागावरचं अंतर, क्रीपेज, उंचीनं बदलत नाही. त्यामुळे रिले घेताना "किती मीटर उंचीपर्यंत" ही ओळ डेटाशीटमध्ये शोधा. ती नसेल तर उत्पादकाकडून लेखी घ्या. ५०० व्होल्टचा मेगर ही उणीव दाखवणार नाही. ती दिसते सर्ज (व्होल्टेजचा अचानक झटका) आल्यावर, रिलेचा पॉवर सप्लाय जळाल्यावर.

एचटीला (उच्च दाबाला) हिशेब आणखी कडक आहे. आयईसी ६२२७१-१ मध्ये १,००० मीटरच्या वर सुधारणा धरावी लागते, ३,५०० मीटरला ती साधारण १.३६ पट येते. ११ केव्हीसाठी आपण सवयीनं १२ केव्ही वर्गाचा पॅनल देतो, त्याची इम्पल्स पातळी (विजेचा क्षणिक झटका सोसायची मर्यादा) ७५ केव्ही. १.३६ नं गुणलं की १०२ केव्ही लागतात. १७.५ केव्ही वर्गाची ९५ ही पातळीसुद्धा कमी पडते, म्हणून २४ केव्ही वर्गाचा, १२५ केव्ही इम्पल्सचा पॅनल घ्यावा लागतो. ब्रेकरच्या व्हॅक्यूम बाटलीच्या आतल्या इन्सुलेशनला उंचीचा फरक पडत नाही, बाहेरच्या हवेला पडतो. कोटेशन देण्याआधी हे लक्षात आलं तर ठीक, नंतर आलं तर नुकसान तुमचंच.

ड्राइव्ह

व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) ईएमसी फिल्टरमधून, म्हणजे विद्युत गोंगाट अडवणाऱ्या फिल्टरमधून, थोडा करंट कायम अर्थला जातो. एकाच रिलेवर बरेच ड्राइव्ह टाकले तर बेरीज सेटिंगला जाऊन भिडते. फीडर विभागा, हार्मोनिक फिल्टर असलेला रिले वापरा, कॅरिअर फ्रीक्वेन्सी (ड्राइव्हच्या आतल्या स्विचिंगचा वेग) गरजेपेक्षा जास्त ठेवू नका. ड्राइव्हची अर्थ वायरच काढून टाकणारे महाभाग आहेत, त्यांच्यापासून लांब राहा. दुसरं असं की ड्राइव्हच्या डीसी बाजूला फॉल्ट झाला तर गुळगुळीत डीसीनं साधा सीबीसीटी सॅच्युरेट होतो आणि रिले आंधळा होतो. तिथे टाइप बी, म्हणजे गुळगुळीत डीसीही ओळखणारा रिले, लागतो. महाग आहे, पण दुसरा मार्ग नाही.

थंडी

लेहच्या हिवाळ्यात पारा उणे २० च्या खाली जाऊ शकतो. डेटाशीटवर दोन तापमानं असतात, साठवणुकीचं आणि चालवण्याचं. वाचताना पहिलंच डोळ्यात भरतं, उपयोगाचं दुसरं. ते उणे १० वर थांबत असेल तर पॅनलला हीटर द्या, आणि हीटरचा सप्लाय मेन ब्रेकरच्या आधीचा घ्या, म्हणजे मेन बंद असतानाही आत ऊब राहील. थंड पडलेला पॅनल चालू करताना आधी हीटर, बाष्प सुकेपर्यंत वाट, मग रिले.

टेस्ट बटण दाबलं, झालं

बऱ्याच रिलेंचं टेस्ट बटण फक्त आतलं इलेक्ट्रॉनिक्स आणि ट्रिप कॉइल तपासतं. सीबीसीटी उलटसुलट जोडलाय की आर्मर चुकीचं गेलंय, हे त्याला कळत नाही. खरी तपासणी प्राथमिक करंट देऊनच होते. सप्लाय बंद ठेवून सीबीसीटीच्या कड्यातून एक वेगळी वायर घाला आणि छोट्या व्हेरिअॅकनं (व्होल्टेज कमीजास्त करायच्या ट्रान्सफॉर्मरनं), रेझिस्टर मध्ये घालून, करंट हळूहळू वाढवा. सेटिंगच्या निम्म्यावर रिले हलता कामा नये, पूर्ण सेटिंगला यायच्या आत ट्रिप व्हायलाच हवा. मोठा करंट देणारं साधन नसेल तर वायरचे कड्याभोवती दहा वेढे घ्या. मग ३० मिलीॲम्पिअरचं काम ३०० चं होतं.

आर्मरची चूक याही तपासणीत लपून राहते. ती पकडायला करंट केबलच्या पलीकडच्या टोकाला, एक कोर आणि आर्मर जोडून, त्या वाटेनं फिरवावा लागतो. ही तपासणी इथे करा आणि साइटवर केबल टर्मिनेट झाल्यावर पुन्हा करायला लावा. कमिशनिंग शीटवर करंट, वेळ, त्या दिवशीचं अर्थ रेझिस्टन्स आणि बाहेरचं तापमान हे चार रकाने छापूनच पाठवा. रिकामे रकाने दिसले की माणूस भरतो, कोऱ्या कागदावर नुसतं "ओके" लिहितो.