पेशंटला हसवायला जाताय? मग या चुका टाळा

वॉर्डात हसणं असलंच पाहिजे. आजारी माणूस म्हणजे नुसता केसपेपर नाही, आणि दिवसभर बीपी, शुगर, "पोट साफ झालं का" एवढंच कानावर पडलं की त्यालाही तसंच वाटायला लागतं. पण हसवायचं कसं हे कोणी शिकवत नाही. 2019 पासून एमबीबीएसला एटकॉम नावाचा विषय आलाय, त्यात पेशंटशी कसं बोलायचं, वाईट बातमी कशी सांगायची हे असतं, चांगलंच झालं ते, पण विनोद मात्र राऊंडवर सिनियरचं बघून बघून उचलला जातो, आणि राऊंडवर जसं छान बघायला मिळतं तसं भयंकर पण बघायला मिळतं.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे उभ्या उभ्या जोक टाकून पुढच्या बेडकडे जाणं. "काय काका, आज पळायला जाणार ना?" काका हसतात, हसणारच, डिस्चार्ज तुमच्या हातात आहे. त्या हसण्यावरून काका खुश आहेत असं समजू नका. अमेरिकेत 1997 साली जामा या जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, त्यात डॉक्टर-पेशंटचं बोलणं रेकॉर्ड करून तपासलं होतं. ज्या फॅमिली डॉक्टर टाइपच्या लोकांवर पेशंटने कधी दावा केला नव्हता ते जास्त हसायचे, गंमत करायचे, हे सगळे आवडीने सांगतात, पण त्याच अभ्यासात हेही होतं की ते प्रत्येक पेशंटला सरासरी 18 मिनिटं देत होते आणि दावे झालेले 15, शिवाय आता पुढे काय करणार हे दावे न झालेले आधी सांगायचे, पेशंटला त्याचं मत विचारायचे. सर्जन लोकांमध्ये असा फरक दिसला नाही. म्हणजे गंमत एकटी आलेली नव्हती, तिच्याबरोबर वेळ आणि माहिती पण होती. आपल्या सरकारी ओपीडीत 18 मिनिटं कुठून आणणार, मान्य, पण वॉर्डात स्टूल ओढून दोन मिनिटं बसता येतं. आधी बसा, दुखतंय का विचारा, मग काय ते.

दुसरी चूक मला सगळ्यात जास्त लागते. पेशंट स्वतः जोक करतो आणि आपण तो सोडून देतो. कॅन्सरचा पेशंट म्हणतो, "डॉक्टर, फ्लॅटचे हप्ते संपेपर्यंत तरी टिकेन ना?" आणि समोरचा एकतर हसून "अहो काही होत नाही तुम्हाला" म्हणतो किंवा ऐकलंच नाही असं करून सिस्टरांना सलाईनचं विचारतो. दोन्ही चूक. या माणसाने एकाच वाक्यात तीन गोष्टी सांगितल्यात, मला भीती वाटतेय, मला घरच्यांच्या पैशाची काळजी आहे, आणि हे सरळ विचारायची माझी हिंमत होत नाहीये. मग करायचं काय, तर आधी हसा, कारण त्याने हसण्यासाठीच म्हटलंय, आणि मग तिथेच थांबा. "हप्ते किती वर्षांचे राहिलेत?" एवढं विचारलं तरी पुरतं, पुढचं तो बोलतो. नाही बोलला तर ओढून काढू नका, दार उघडं आहे एवढं कळलं तरी खूप. माझं तर मत असं की वॉर्डातला विनोद पेशंटचा असतो, आपण फक्त तो झेलायचा.

शरीरावर जोक नको. वजन, टक्कल, कॅथेटर (लघवीची नळी), बेडपॅन, डायपर, यातलं काहीही नको. पेशंट स्वतः कॅथेटरच्या पिशवीला "माझी पर्स" म्हणत असेल तर तुम्हीही पर्स म्हणा, पण सुरुवात त्याने केलेली असली पाहिजे.

आणि लेबर रूम. कळा देणाऱ्या बाईला "तेव्हा नाही का ओरडलीस" असलं काहीतरी बोलून हसणारे आजही आहेत. हा विनोदच नाही, हा छळ आहे, आणि बाई ते वाक्य आयुष्यभर विसरत नाही. लेबर रूम सुधारण्यासाठी केंद्राने 2017 ला आणलेल्या लक्ष्य कार्यक्रमात बाळंतिणीला सन्मानाने वागवणं हे क्वालिटीचाच भाग म्हणून धरलंय, तेव्हा कुणी बोललं तर तिथल्या तिथे थांबवा, सिनियर असला तरी.

स्टाफने आपापसात केलेले काळे जोक, ते होणारच, सलग ड्युट्या केल्यावर माणूस कुठेतरी हलकं होणार. पण जागा बघा. पडदा म्हणजे भिंत नाही. सिझेरियन बहुतेक वेळा स्पायनलखाली, म्हणजे फक्त कमरेखाली बधिर करून होतं, पेशंट जागी असते, तुमच्या गप्पा, कुणाच्या तरी टिंगली, सगळं तिला ऐकू येतं आणि हे आपल्यावरच चाललंय असं तिला वाटतं. झोपवलेला पेशंट आहे म्हणून आयसीयूत पण सैल सुटू नका.

लहान मुलांच्या वॉर्डात लाल नाक लावून थेट कॉटवर झेप घेणं ही उत्साही लोकांची चूक. न्यूयॉर्कमध्ये बिग अ‍ॅपल सर्कसचे जोकर 1986 पासून हॉस्पिटलात जायला लागले, आता जगभर असं काम चालतं, आणि जे नीट ट्रेनिंग घेऊन करतात ते आधी दारात थांबून मुलाला विचारतात, येऊ का? पोरगं नाही म्हणालं की परत जातात. सुई, औषध, एक्स-रे कशालाच नाही म्हणता न येणाऱ्या मुलाला इथे तरी नाही म्हणता येतं, मला तर हेच मोठं काम वाटतं. काही मुलं जोकरला घाबरतात, त्यांना साबणाचे फुगे दाखवा.

पोटाचं ऑपरेशन झालेल्याला खो खो हसवू नका, टाके दुखतात. हसू येतच असेल तर पोटावर उशी दाबून धरायला सांगा. दम्याच्या काही पेशंटना जोरात हसल्यावर खोकला आणि धाप लागते, तेही लक्षात ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅपवर "हसा आणि आजार पळवा" फिरत असतं, ते पेशंटला फॉरवर्ड करू नका. नॉर्मन कझिन्स नावाच्या अमेरिकन संपादकाने 1976 साली लिहिलं होतं की दहा मिनिटं पोट धरून हसलं की दोन तास न दुखता झोप लागायची. पण तो एका माणसाचा अनुभव होता, सोबत व्हिटॅमिन सी चे मोठे डोसही चालू होते. सिडनीच्या वृद्धाश्रमांमध्ये झालेल्या आणि 2013 साली छापून आलेल्या स्माईल अभ्यासात विनोदाच्या कार्यक्रमाने डिप्रेशन कमी झालं नाही, पण आजीआजोबांची अस्वस्थता, चिडचिड कमी झाली. एवढंही माझ्या मते पुष्कळ आहे. मुंबईत 1995 साली डॉ. मदन कटारियांनी पार्कात हास्यक्लब सुरू केला, तिथे जाऊन लोकांना बरं वाटतं, जरूर जावं, गोळ्या बंद करून मात्र नाही. आणि "तुम्ही हसत नाही म्हणून बरे होत नाही" हे तर कुणालाच म्हणू नका.

जोक फसला तर? पेशंटचा चेहरा पडला, नातेवाईक गप्प झाले, तर "अहो गंमत केली" म्हणू नका, त्याने दोष त्यांच्यावर जातो. "माफ करा, मी असं बोलायला नको होतं" एवढंच म्हणायचं आणि कामाचं बोलायचं. पुन्हा हसवून भरपाई करायला जाऊ नका, थोडा वेळ जाऊ द्या, संध्याकाळी परत या, नुसतं पाणी हवंय का विचारायला आलात तरी चालेल. आणि ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरांना सांगा, बेड अमुक, आज गंमत नको, काल रिपोर्ट आलाय.