इंटर्नशिप: आधी पैशाचा हिशोब, मग शोध, मग अर्ज

बहुतेक विद्यार्थी इंटर्नशिप आधी शोधतात आणि खर्चाचा विचार ऑफर हातात पडल्यावर करतात. तोवर होकार कळवायला चार-पाच दिवस उरलेले असतात, कॉलेजच्या मदतनिधीची मुदत उलटून गेलेली असते आणि चांगली संधी निव्वळ राहण्याच्या खर्चापायी सोडावी लागते. म्हणून इथे सुरुवात पैशापासून केली आहे.

हिशोब दोन प्रकारे करा

कागदावर दोन वेगळे आकडे काढायचे: एकूण तुटवडा किती आणि हातात रोख किती लागेल. हे दोन्ही एकच समजण्याची चूक फार जण करतात.

उदाहरण घ्या. इंटर्नशिप १० आठवड्यांची आहे. राहणं, जेवण आणि रोजचा प्रवास मिळून आठवड्याचा खर्च १०० धरा (चलन कोणतंही असो, प्रमाण महत्त्वाचं). जाण्या-येण्याचं तिकीट १५०. म्हणजे एकूण खर्च ११५०. विद्यावेतन आठवड्याला ८० दराने ८०० मिळणार. तुटवडा ३५०. इथवर सगळेच येतात.

आता रोख पाहा. खोलीची अनामत ४०० आधी भरावी लागते. विद्यावेतन ४ आठवड्यांचं काम झाल्यावर, तेही पाचव्या आठवड्याच्या शेवटी खात्यात येतं. तोपर्यंत ५०० खर्च, १५० तिकीट आणि ४०० अनामत मिळून १०५० खिशातून गेलेले असतात. पहिले ३२० आले तरी पुढच्या चार आठवड्यांत ४०० जातात, त्यामुळे नवव्या आठवड्यात, दुसरा हप्ता येण्याच्या आदल्या दिवशी, तुमचे ११३० अडकलेले असतात. तुटवडा ३५०, पण लागणारी रोख ११३०. मधले ७८० नंतर परत येतात, फक्त वेळेवर येत नाहीत.

हा फरक कळला की मदत कुणाकडे आणि कोणत्या शब्दांत मागायची ते ठरतं. ३५० साठी अनुदान किंवा शिष्यवृत्ती मागायची. ७८० साठी घरून किंवा कॉलेजकडून बिनव्याजी उसने घ्यायचे, परतफेडीची तारीख सांगून. सगळे ११३० अनुदान म्हणून मागितले तर अर्ज फुगवलेला वाटतो आणि नाकारला जातो.

हिशोबात सुटणाऱ्या गोष्टी: विद्यावेतनातून होणारी करकपात, सुट्टीत करत असलेलं अर्धवेळ काम बुडणार असेल तर ती कमाई, ऑफिसला चालतील असे कपडे आणि बूट, विमा, आणि अनामत उशिरा परत मिळण्याची शक्यता. या सगळ्यावर आणखी १० टक्के धरा.

पैसे कुठून उभे राहतात

पहिला स्रोत कंपनीच. विद्यावेतन वाढवून मिळणं कठीण असतं, पण प्रवासखर्च, राहण्याची सोय, पहिला हप्ता लवकर देणं किंवा आठवड्यातले दोन दिवस घरून काम, या गोष्टी मागितल्या तर बऱ्याचदा मिळतात. मागणी ऑफर आल्यावर आणि होकार देण्याआधी करायची. होकार कळवून झाल्यावर मागणं म्हणजे गाडी सुटल्यावर स्टेशन गाठणं.

दुसरा स्रोत कॉलेज: विभागाचा निधी, माजी विद्यार्थी संघाचा निधी, प्रवास अनुदान आणि प्राध्यापकांच्या संशोधन प्रकल्पातून निघणारं मानधन. यातले बरेच निधी जाहिरात न करता वाटले जातात, म्हणून विभागाच्या कार्यालयात जाऊन थेट विचारावं. अडचण अशी की अनेक ठिकाणी अर्जासोबत ऑफर लेटर मागतात आणि निधीची मुदत ऑफर येण्याआधीच संपते. अशा वेळी 'ऑफर मिळाल्यास' या अटीवर अर्ज स्वीकारता का, असं मुदतीच्या किमान तीन आठवडे आधी विचारा.

निधीचा अर्ज एका पानात बसवा. काम काय, कुठे, किती तारखेपासून किती तारखेपर्यंत, एकूण खर्च, माझ्याकडे किती आहेत, कंपनी किती देते, तुटवडा किती, आणि परत आल्यावर विभागाला काय देईन (एक अहवाल, ज्युनिअरांसाठी एक तासाचं सत्र). खर्चाचा तक्ता पाच-सहा ओळींचा पुरे. 'घरची परिस्थिती बेताची आहे' या वाक्यापेक्षा तो तक्ता जास्त काम करतो.

दोन सापळे. काही निधी खर्च झाल्यावर, बिलं पाहून पैसे देतात. म्हणजे तुटवडा भरतो पण रोखीची अडचण तशीच राहते. आणि काही शिष्यवृत्त्यांमध्ये दुसरीकडून विद्यावेतन घेतलं तर रक्कम कमी होते किंवा बंद होते. शिष्यवृत्तीचे नियम होकार देण्याआधी वाचा.

इंटर्नशिप मिळवण्यासाठी मात्र कुणालाही पैसे देऊ नका. नोंदणी शुल्क, प्रशिक्षण शुल्क, लॅपटॉपची अनामत, ही सगळी नावं एकाच फसवणुकीची. मुलाखतीशिवाय ऑफर, फक्त चॅटवर झालेली 'मुलाखत', कंपनीच्या डोमेनऐवजी साध्या फुकट ईमेलवरून आलेलं पत्र, किंवा सुरुवातीलाच बँक खात्याचे तपशील मागणं दिसलं की तिथेच थांबा. कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवरचा नंबर स्वतः शोधून फोन करा. पत्रातल्या नंबरवर करू नका, तो उचलणाराही त्यांचाच माणूस असतो.

बिनपगारी इंटर्नशिप घ्यावी का? काम शिकवणारा माणूस ठरलेला असेल, आठवड्याचे तास २० च्या आत असतील आणि मुदत ६ ते ८ आठवडे असेल तर विचार करा. पूर्णवेळ, सहा महिने आणि फुकट, असं असेल तर ते नोकराचंच काम आहे, फक्त पगार वगळून.

शोध: तारखा मागून मोजा

मोठ्या कंपन्या आणि संशोधन संस्था सहा ते नऊ महिने आधी अर्ज घेतात. लहान कंपन्या, स्टार्टअप आणि स्वयंसेवी संस्था चार ते आठ आठवडे आधी ठरवतात. त्यामुळे सुट्टीच्या एक महिना आधी जागे झालात तर मोठ्या नावांमागे धावण्यात अर्थ नाही, लहान ठिकाणं धरा. बऱ्याच जागा अर्ज येतील तसे भरल्या जातात. जाहिरातीवर शेवटची तारीख असली तरी पहिल्या आठवड्यात पोहोचलेल्या अर्जाला जास्त संधी असते.

एका शीटमध्ये ३० ठिकाणांची यादी करा. त्यातली दहा अवघड, दहा जमण्यासारखी आणि दहा अशी की जिथे जाहिरातच नाही. रकाने: ठिकाण, कामाचं स्वरूप, शेवटची तारीख, विद्यावेतन, ओळखीचा माणूस, अर्ज केल्याची तारीख, पुढचं पाऊल. शेवटचा रकाना कधी रिकामा ठेवू नका.

तिसऱ्या दहांकडे बहुतेकजण फिरकत नाहीत आणि तिथेच स्पर्धा सर्वात कमी असते. लिंक्डइनवर आपल्या कॉलेजचं पान उघडून माजी विद्यार्थ्यांच्या विभागात गेलात की कोण कुठे आणि कोणत्या कामात आहे ते गाळून पाहता येतं. अशा व्यक्तीला पाच-सहा ओळींचा निरोप पाठवा: मी कोण, तुमच्यापर्यंत कसा पोहोचलो, तुमच्या कामातली नेमकी कोणती गोष्ट मला जाणून घ्यायची आहे, आणि फोनवर १५ मिनिटं मिळतील का. पहिल्याच निरोपात जागा मागू नका. उत्तर आलं नाही तर सात दिवसांनी एकदा आठवण करून द्या, दोन आठवड्यांनी आणखी एकदा, मग सोडून द्या. बोलणं झालं की शेवटी विचारा, 'आणखी कुणाशी बोलावं असं तुम्हाला वाटतं?' या एका प्रश्नातून पुढची दारं उघडत जातात.

घरून करता येतील अशाही जागा आहेत. गूगल समर ऑफ कोड हा मुक्त सॉफ्टवेअरचा (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो) कार्यक्रम २००५ पासून चालू आहे. तिथे प्रकल्पाच्या आकारानुसार साधारण ९०, १७५ किंवा ३५० तासांचं काम असतं आणि मानधन मूल्यमापनात उत्तीर्ण झाल्यावर मिळतं, म्हणजे वरचा रोखीचा हिशोब इथेही लागू. आउटरीची हा मुक्त सॉफ्टवेअरमधलाच, तीन महिन्यांचा मानधन देणारा कार्यक्रम वर्षातून दोनदा होतो. दोन्हीकडे निवडीआधीच्या काळात प्रकल्पात प्रत्यक्ष छोटं काम करून दाखवणाऱ्यांचं पारडं जड असतं. आउटरीचीत तर तसं योगदान अर्जाचाच भाग आहे.

अनुभव नसेल तर पुरावा तयार करा

आधी काम करून दाखवण्याचं हेच सूत्र बाकी सगळीकडे लागू पडतं. 'मला शिकायची आवड आहे' असं शंभरातले नव्वद अर्ज म्हणतात. दोन ते चार आठवड्यांत पूर्ण होईल असं एक छोटं काम करा आणि त्याची लिंक द्या. वाणिज्य शाखा असेल तर शेअर बाजारात नोंदलेल्या एखाद्या कंपनीचे तीन वर्षांचे वार्षिक अहवाल घेऊन कर्ज, नफा आणि रोख प्रवाह यांची दोन पानी टिपण. भाषा शाखा असेल तर एखाद्या सरकारी परिपत्रकाचं सोप्या भाषेत केलेलं रूपांतर, मूळ मजकुराशेजारी ठेवून. संगणक शाखा असेल तर गिटहबवरच्या (सॉफ्टवेअरचा कोड ठेवण्याची वेबसाइट) प्रकल्पात दस्तऐवजातली चूक दुरुस्त करण्यापासून सुरुवात. काम लहान चालेल, अर्धवट चालत नाही.

लिंक पाठवण्याआधी ती इनकॉग्निटो विंडोत (जिथे तुम्ही लॉग-इन नसता) उघडून पाहा. ड्राइव्हवरची फाइल 'परवानगी मागा' असं म्हणत बसते आणि निवड करणारा माणूस परवानगी मागत बसत नाही, पुढच्या अर्जाकडे वळतो.

रेझ्युमे आणि पत्र

एक पान, एकच स्तंभ, पीडीएफ. दोन स्तंभ, तक्ते, आयकॉन आणि कौशल्यांचे टक्के दाखवणारे पट्टे टाळा, कारण अनेक ठिकाणी अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि दोन स्तंभांतल्या ओळी एकमेकांत मिसळू शकतात. तपासायची सोपी रीत: पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे क्रम बिघडला तर सॉफ्टवेअरलाही तो बिघडलेलाच दिसण्याची भीती आहे. फाइलच्या नावात स्वतःचं नाव हवं. 'रेझ्युमे फायनल ३' नको.

प्रत्येक ओळीत काय केलं, कशाने केलं आणि काय निघालं हे यावं. 'सर्वेक्षणात सहभाग' ही ओळ काहीच सांगत नाही. '१२० जणांच्या सर्वेक्षणाची माहिती एक्सेलमध्ये स्वच्छ केली, १४ दुबार नोंदी काढल्या, निष्कर्षांचे चार तक्ते विभागाच्या अहवालासाठी तयार केले' ही ओळ सांगते. आकडा खरा हवा, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न त्याच्यावरच येतो.

पत्र २०० ते २५० शब्दांचं. त्यांच्या कामातली एक नेमकी गोष्ट, तिच्याशी जुळणारं तुमचं एक काम, आणि तुम्ही कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत मोकळे आहात. तारखा न लिहिल्यामुळे चांगले अर्जही बाजूला पडतात.

मुलाखत

पाच प्रसंग लिहून काढा: एक अडचण सोडवलेली, एक चूक, एक गटातला मतभेद, एक स्वतःहून शिकलेली गोष्ट, एक मुदतीत संपवलेलं काम. प्रत्येकात परिस्थिती, तुमच्यावर असलेली जबाबदारी, तुम्ही केलेली कृती आणि शेवट. दीड ते दोन मिनिटांत बसतं का ते घड्याळ लावून मोठ्याने बोलून पाहा. मनात म्हटलेलं उत्तर नेहमी छोटंच वाटतं. 'आम्ही केलं' असं म्हणत राहिलात तर तुमचा वाटा कळत नाही. व्हिडिओ मुलाखत असेल तर खिडकी पाठीमागे नको, समोर हवी, आणि वायफाय गेलं तर मोबाइलचा हॉटस्पॉट आदल्या दिवशी जोडून बघितलेला असावा.

शेवटी तुम्हाला प्रश्न विचारायला सांगतात. रोजचं काम कोण पाहणार, पहिल्या दोन आठवड्यांत काय अपेक्षित आहे, आधीच्या इंटर्नने काय पूर्ण केलं, हे विचारा. तिन्हीची उत्तरं गोलमोल आली तर तिथे तुमच्यासाठी काम ठरलेलंच नाही असं समजायला हरकत नाही.

ऑफर आणि कागदपत्रं

लेखी हवं: सुरुवात आणि शेवटची तारीख, आठवड्याचे तास, विद्यावेतन आणि ते कोणत्या तारखेला मिळणार, देखरेख करणाऱ्याचं नाव, परीक्षेसाठी रजा, आणि केलेलं काम प्रकल्प अहवालात वापरता येईल का. गोपनीयतेच्या करारावर सही करण्याआधी हा शेवटचा मुद्दा तपासा, नाहीतर सहा महिने काम करूनही अहवालात लिहायला काही उरत नाही. श्रेयांक (क्रेडिट) हवे असतील तर विभागाची मंजुरी कामाला लागण्याआधी घ्या. नंतर घेतलेली मंजुरी अनेक ठिकाणी ग्राह्य धरत नाहीत.

कामाला लागल्यावर रोज संध्याकाळी तीन ओळींची नोंद ठेवा, तिकिटं आणि भाडेपावत्यांचे फोटो त्याच दिवशी एका फोल्डरमध्ये टाका. प्रमाणपत्र आणि शिफारशीचं पत्र शेवटच्या दिवसाच्या किमान दहा दिवस आधी मागा, सोबत तुमच्या कामाचे चार मुद्दे द्या. कंपनीचा ईमेल शेवटच्या दिवशीच बंद होऊ शकतो, म्हणून संपर्कात राहायच्या माणसांचे पत्ते आधीच स्वतःच्या वहीत उतरवून घ्या.