क्लच उघडण्याआधी : दुचाकी दुरुस्ती शिकणाऱ्यांसाठी इंदुरातील अनुभव

इंदुरात दुचाकी दुरुस्तीचे काम शिकू पाहणाऱ्या मुलामुलींना, मग ते आयटीआयमधून आलेले असोत वा थेट गॅरेजमध्ये उभे राहिलेले असोत, मी क्लचच्या कामापासून सुरुवात करायला सांगतो. हे काम इंजिन पूर्ण उतरवण्याइतके मोठे नाही आणि पंक्चर काढण्याइतके साधेही नाही. त्यात ऐकणे, मोजणे आणि क्रम पाळणे या तिन्ही गोष्टींची परीक्षा होते. क्लचच्या प्लेटा, म्हणजे एकाआड एक बसवलेल्या घर्षणाच्या आणि लोखंडी चकत्या, स्प्रिंगांच्या दाबाने एकमेकींना धरतात आणि इंजिनाचा जोर चाकाकडे पोचवतात. त्या बदलणे कोणालाही थोड्या सरावाने जमते. त्या बदलण्याची खरोखर गरज आहे का, हे इंजिनाचे झाकण न उघडता ठरवणे मात्र शिकावे लागते, आणि माझ्या मते चांगल्या कारागिराची ओळख तिथेच होते.

ग्राहक सहसा "क्लच स्लिप होतोय" असे म्हणत नाही. "भाऊ, गाडी ओढत नाही, एव्हरेजही पडलंय," असे तो म्हणतो, आणि या एका तक्रारीमागे चार-पाच कारणे असू शकतात. एअर फिल्टर तुंबला असेल, कॉम्प्रेशन कमी झाले असेल किंवा ब्रेक चाकाला धरून बसला असेल, तरीही गाडी ओढत नाही. फरक इंजिनाच्या आवाजात असतो. या इतर दोषांत ॲक्सिलरेटर वाढवला तरी इंजिन दबलेलेच राहते. क्लच घसरत असेल तर इंजिनाचे फेरे झटकन चढतात, आवाज मोठा होतो आणि गाडीचा वेग मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून ग्राहकाला पहिला प्रश्न विचारावा तो इंजिनाच्या आवाजाचा, आणि दुसरा असा की त्रास कुठे होतो. खंडवा रस्त्याने ओंकारेश्वरला जाऊन परतताना, मागे माणूस बसवून भेरूघाट चढताना इंजिन नुसते ओरडते असे उत्तर आले, तर संशय क्लचवर घेण्यास हरकत नाही, कारण चढावर आणि वजनावर क्लचमधून जास्त जोर जावा लागतो आणि झिजलेल्या प्लेटा तेथेच हार मानतात.

मग स्वतः गाडी चालवून पाहावी. इंजिन थंड असताना केलेली चाचणी फसवी ठरू शकते, कारण दोष पुष्कळदा गरम झाल्यावरच उघडा पडतो; पंधरा-वीस मिनिटे गाडी चालू द्यावी. नंतर सुपर कॉरिडॉरसारख्या रुंद रस्त्यावर, वाहतूक नसताना, वरच्या गिअरमध्ये मध्यम वेगाने जात असताना ॲक्सिलरेटर पूर्ण उघडावा. निरोगी क्लचमध्ये आवाज आणि वेग बरोबरीने वाढतात. दुसरी चाचणी जागेवरच होते: पुढचा ब्रेक घट्ट धरून दुसरा गिअर टाकावा, थोडा ॲक्सिलरेटर देऊन क्लच हळूहळू सोडावा, इंजिन बंद पडले पाहिजे. ते बंद न पडता फिरतच राहिले, तर प्लेटा पकडत नाहीत. ही चाचणी एकदाच करावी आणि लगेच थांबावी, कारण तेवढ्यात प्लेटा तापतात.

याच्या उलट दोषही असतो आणि नवशिके त्याची गल्लत करतात. लिव्हर पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकते, उभ्या गाडीत न्यूट्रल लागत नाही, गिअर टाकताना खाडकन आवाज येतो, तेव्हा क्लच घसरत नसतो, तर सुटत नसतो. तेथे ढिली केबल, वाकलेल्या लोखंडी प्लेटा किंवा प्लेटा ज्यात बसतात त्या हाउसिंगच्या खाचांत पडलेले खड्डे यांचा शोध घ्यावा.

आता केबल, म्हणजे ज्याला आपल्याकडे सगळे क्लच वायर म्हणतात ती. लिव्हरच्या टोकाशी बहुतेक गाड्यांत साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळी चाल, म्हणजे क्लच सुटू लागण्याआधीची ढिलाई, हवी. ती मुळीच नसेल, तर लिव्हर सोडलेला असतानाही क्लच किंचित दाबलेलाच राहतो आणि चांगल्या प्लेटाही घसरून जळतात. इथे एक बारकावा लक्षात ठेवण्याजोगा आहे. केबल ताणून लांब झाली की मोकळी चाल वाढते. घर्षणाच्या प्लेटा झिजल्या की त्यांचा गठ्ठा पातळ होतो, गठ्ठा दाबून धरणारी प्रेशर प्लेट आपली जागा सोडते आणि मोकळी चाल कमी होते. म्हणून कोणी ॲडजस्टरला हात लावलेला नसताना लिव्हर आपोआप ताठ होत गेला असेल, तर प्लेटा झिजल्याची ती खूण मानावी.

केबलनंतर ऑइल. आपल्या बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनाच्या ऑइलमध्येच बुडून चालतो, आणि म्हणूनच ऑइलच्या डब्यावर जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ हा दर्जा पाहणे आवश्यक असते. गिअर नसलेल्या स्कूटरचे एमबी दर्जाचे ऑइल, किंवा इंधन वाचवण्यासाठी घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेले कारचे ऑइल टाकले, तर प्लेटा शाबूत असूनही क्लच घसरू शकतो. ग्राहकाने अलीकडे ऑइल बदलले का आणि कोणते, हे विचारल्याशिवाय झाकणाला पाना लावू नये. योग्य ऑइल भरून काही अंतर चालवल्यावर दोष गेला, तर ग्राहकाचे पैसे वाचतात आणि तो पुन्हा तुमच्याकडेच येतो.

एवढे पाहूनही घसरणे थांबले नाही, तर उघडावे. इंजिन थंड होऊ द्यावे, ऑइल काढावे आणि ते बोटांवर घेऊन पाहावे. जळका वास आणि काळा गाळ पुष्कळ सांगून जातात. बहुतेक गाड्यांत क्लच उजव्या बाजूला असतो. जुन्या बुलेटमध्ये तो डाव्या बाजूच्या चेनकेसमध्ये असतो. झाकणाचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून पुठ्ठ्यावर झाकणाची आकृती काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचून ठेवावा. झाकण चिकटले असेल तर रबरी हातोडीने ठोकावे. फटीत पेचकस घालून उचकटले की ॲल्युमिनियमवर ओरखडा पडतो आणि तेथून ऑइल गळत राहते. स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून सैल करावेत. प्लेटा निघतील त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवाव्यात आणि मोबाइलवर फोटो घ्यावा.

मग मोजमाप. घर्षणाची नवी प्लेट अनेक लहान गाड्यांत सुमारे ३ मिलिमीटर जाड असते आणि २.६ च्या आसपास ती बाद समजतात. नेमका आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा. व्हर्निअरने प्रत्येक प्लेट तीन-चार ठिकाणी मोजावी. लोखंडी प्लेट जाड काचेवर ठेवून तिच्याखाली फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, जाते का पाहावे. निळे डाग पडलेली किंवा वाकलेली प्लेट परत बसवू नये. ती पॉलिश पेपरने घासून बसवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, पण वाकलेली प्लेट घासल्याने सरळ होत नाही. स्प्रिंगांची मोकळी लांबीही मोजावी. त्या स्वस्त असतात आणि थकलेल्या स्प्रिंगा नव्या प्लेटांनाही पुरेसे दाबत नाहीत, म्हणून प्लेटांबरोबर त्याही बदलाव्यात असे माझे स्पष्ट मत आहे.

नव्या घर्षण प्लेटा गाडीत भरायच्या ऑइलमध्येच काही तास, शक्यतो रात्रभर, भिजवाव्यात. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच चालीत त्या जळू शकतात. घाईच्या ग्राहकाला हे समजावून सांगावे आणि गाडी दुसऱ्या दिवशी द्यावी. स्प्लेंडरसारख्या गाड्यांत झाकण उघडलेच आहे तर आतील फिरते ऑइल फिल्टर आणि जाळीही साफ करावी. स्प्रिंगचे बोल्ट पुन्हा समोरासमोर, थोडे थोडे कसावेत. ६ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात, त्याहून जोर लावल्यास हे बोल्ट ज्यांत बसतात ते आतल्या हबचे खांब तुटू शकतात. पॅकिंग नवेच वापरावे, आणि त्यावर चिकट सोल्यूशनचा जाड थर देऊ नये, कारण त्याचे तुकडे आत सुटून ऑइलच्या जाळीत अडकतात.

ऑइल भरून, इंजिन थोडा वेळ चालवून पातळी पुन्हा तपासावी. केबल आधी खालच्या, इंजिनाकडच्या ॲडजस्टरवर जुळवावी आणि उरलेला बारीक फरक लिव्हरजवळ काढावा. गाडी देताना काढलेल्या प्लेटा ग्राहकाला दाखवाव्यात, मोजलेली जाडी बिलावर लिहावी, आणि राजवाडा-सराफ्याच्या गर्दीत लिव्हर अर्धा दाबून गाडी रेटण्याऐवजी थांबल्यावर न्यूट्रल करायला सांगावे. नव्या प्लेटा बसत जातात तशी मोकळी चाल बदलते, म्हणून सुमारे ५०० किलोमीटरनंतर ग्राहकाला परत बोलावून केबल पुन्हा जुळवून द्यावी, आणि त्याचे पैसे घेऊ नयेत.