साखर न घालता तोसिनो
फिलिपिन्समधे, खास करून पंपांगा प्रांताकडे, नाश्त्याला तोसिनो असतं, म्हणजे गोडसर लाल मुरवलेलं पोर्क, पण त्यात साखर जाम असते. म्हणून अर्धा किलो पोर्क शोल्डरचे (खांद्याच्या मांसाचे) पातळ काप घ्यायचे, त्याला दीड चमचा मीठ, ठेचलेला लसूण, मिरपूड, चमचाभर व्हिनेगर, 3 मोठे चमचे एरिथ्रिटॉल (साखरेऐवजी वापरायची गोड पूड; स्टेव्हिया नको, कडवट लागतं) आणि रंगाला शेंदरीच्या बियांची पूड चोळून डब्यात, फ्रिजमधे 2 दिवस. मग पॅनमधे अर्धा कप पाणी घालून शिजवा, पाणी आटलं की स्वतःच्याच चरबीत तडतडू द्या, कडा काळपट झाल्या की झालं. साखरेसारखा चिकट पाक मात्र सुटत नाही हां. सोबत लसूणभात नि अंडं!