सी अर्चिनच्या अंड्यांवर काम करायला येताय?

नवीन आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी आकडे हवे असतात. आधी मायक्रोस्कोपशी दोस्ती करा. अर्चिन म्हणजे समुद्रातला गोलसर, काटेरी प्राणी; त्याच्या तोंडाभोवतीच्या मऊ पडद्यातून ०.५ मोलर पोटॅशियम क्लोराईड टोचलं की मादी अंडी सोडते. शुक्रजंतू मात्र पाणी न घालता बर्फावर ठेवा, पाण्यात गेले की लवकर निकामी होतात. दोन्ही एकत्र आले की मिनिटभरात अंड्याभोवती फलनावरण फुगून वर येतं. शंभरातल्या किमान ९५ अंड्यांभोवती ते दिसलं नाही, तर बॅच सरळ ओतून द्या. हळहळू नका.

प्रश्न असा आहे: फलनाआधी अंड्यात आईकडून आलेला एमआरएनए (प्रथिनांचा आराखडा वाहणारा आरएनए) आणि रायबोसोम (प्रथिनं बनवणारी यंत्रं) भरपूर असतात, तरी प्रथिननिर्मिती अगदी मंद. फलन झालं की काही मिनिटांत ती वेग घेते. ॲक्टिनोमायसिन या औषधाने नवा आरएनए बनणं रोखलं तरी ती वाढते, हे १९६०च्या दशकातच दिसलं होतं. म्हणजे लगाम ट्रान्सलेशनवर, एमआरएनए वाचून प्रथिन बनवण्याच्या टप्प्यावर. कॅल्शियमची लाट येते, पेशीतला पीएच चढतो, ४ई-बीपी हे रोधक प्रथिन नष्ट होऊन ट्रान्सलेशन सुरू करून देणारं ईआयएफ४ई हे प्रथिन मोकळं होतं. एकच कळ शोधायला निघालात तर हाती काही लागणार नाही.

नवख्यांना हमखास चकवतं ते किरणोत्सारी मिथिओनिन, म्हणजे नव्या प्रथिनांचा माग काढायला वापरलेलं अमिनो आम्ल. फलनानंतर अमिनो आम्लं आत ओढण्याचा अंड्याचा वेगच वाढतो. त्यामुळे काउंट (मोजलेला किरणोत्सार) चढले म्हणून प्रथिनं जास्त बनली असं होत नाही. प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करा. एकात पेशीत एकूण किती शिरलं ते मोजा. दुसऱ्यात ट्रायक्लोरोॲसिटिक आम्लाने साका बसवून प्रथिनांत किती गेलं ते. मी तर मिथिओनिन फलनाआधीच भरून घेते. वेळखाऊ आहे, पण गाईडशी वाद होत नाही.

आणि जेल चालवाच; त्यावर प्रथिनं आकारानुसार वेगळी होऊन पट्टे दिसतात. १९८२ साली अमेरिकेतल्या वुड्स होलच्या सागरी प्रयोगशाळेत जीवशास्त्रज्ञ टिम हंट अर्बेशिया या अर्चिनच्या अंड्यांवर प्रथिननिर्मितीच पाहत होते. जेलवर बाकीचे पट्टे गडद होत गेले, एक मात्र दर पेशीविभाजनाच्या सुमारास नाहीसा होई. तेच सायक्लिन, पेशीविभाजनाचं चक्र चालवणारं प्रथिन, ज्यासाठी २००१च्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. नुसत्या एकूण काउंटमध्ये ते कधीच दिसलं नसतं.

अर्ज करताना प्रजाती विचारून घ्या. कॅलिफोर्नियाचा जांभळा अर्चिन हिवाळ्यात भरात असतो, त्याची अंडी १५ अंशांच्या आसपास वाढवायची. अर्बेशियाचा हंगाम उन्हाळ्यात. रुजू होण्याची तारीख त्यावरून ठरवा, कॉलेजच्या सत्रावरून नको.