माहेरच्या घराचा ठसा कसा घ्यावा

ठशांची चित्रं करणाऱ्या चित्रकार झरीना हाश्मी यांचा जन्म १९३७चा, अलीगढचा. वडील तिथल्याच विद्यापीठात इतिहास शिकवत. फाळणीनंतर काही वर्षांनी घरचे कराचीला गेले. झरीना देशोदेशी राहिल्या, पुढे न्यूयॉर्कला स्थिरावल्या. १९९९मध्ये त्यांनी ३६ काष्ठठशांचा (लाकूड कोरून घेतलेल्या ठशांचा) संच केला, 'होम इज अ फॉरेन प्लेस'. प्रत्येक ठशासोबत एक उर्दू शब्द, आणि 'घर' या शब्दाला अलीगढच्या घराचा नकाशा. त्याआधीचं त्यांचं एक एचिंग (धातूच्या पत्र्यावर आम्लानं रेघा कोरून घेतलेला ठसा) आहे, 'फादर्स हाऊस १८९८–१९९४'. फादर्स हाऊस म्हणजे आपलं माहेरच की! हे लक्षात आलं त्या दिवशी मी लिनो, म्हणजे ठशासाठी कोरायचा लिनोलियमचा तुकडा, घेऊन बसले.

आधी डोळे मिटून घरातून चालून या. टेप लावू नका, जुने फोटोही नकोत. मी मिरजेच्या आमच्या घरात उंबऱ्यापासून निघाले: सोपा, डावीकडे जिना, माजघर, पायऱ्या उतरून स्वयंपाकघर, न्हाणी, परडं. पायऱ्यांपाशी अडले. दोन की तीन? भावाला फोन केला. "ताई, दोनच. तिसरा तो घागर टेकवायचा दगड." अशी अडलेली जागा सोडू नका, घर तिथेच जास्त सापडतं.

आता कागदावर नुसत्या रेघा. झरीना गणित शिकलेल्या होत्या, त्यांच्या नकाशात पसारा नसतो. भिंत म्हणजे जाड रेघ, दार म्हणजे रेघेतली फट. तुळस, झोपाळा काढावासा वाटेल, आवरा. खाली एकच शब्द, तोही घरात बोलला जाणारा. मी 'परडं' घेतला.

ठसा उलटा उमटतो, हे विसरू नका. मी कार्बन लावून नकाशा सरळच लिनोवर उतरवला आणि न्हाणी भलत्या अंगाला गेली. आईनं कागद हातात घेतला आणि म्हणाली, "हे आपलं घर नाही." ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीनं काढा, तो लिनोवर पालथा घालून घासा, अक्षरांसकट सगळं आपोआप उलटं उतरतं.

लिनो थोडा वेळ उन्हात ठेवला की मऊ कापतो. रेघ काळी हवी तर रेघ सोडून भोवतालचं खोदा. दुसरा हात पात्याच्या पुढे नको. शाई रोलरनं पातळ लावा, वर पातळ हातकागद ठेवून स्टीलच्या चमच्याच्या पाठीनं मधून कडेकडे घासा.

शेवटी साल, 'फादर्स हाऊस'च्या नावात आहेत तशी दोन. पहिलं जोत्याच्या दगडावरच होतं, १९२७. दुसरं मी २०११ घातलं, घर पाडलं ते. आई बराच वेळ बघत राहिली. "दादा गेले आणि दाराला कुलूप लागलं, ते साल घाल." म्हणजे २००६. आकड्यांची पट्टी मी नव्या तुकड्यावर पुन्हा खोदली.